भरतीचा थारा : ठाणे खाडीतल्या परतीच्या पाणपक्ष्यांची मोजणी, मार्च ते मे २०२४

३ मार्च, रविवार. माघ वद्य सप्तमी.

भांडुप पंपिंग स्टेशनमागची तळी, सकाळी ७ ते १०. फेरी वाया गेली. का गेली ते नोंदवून ठेवणे गरजेचे आहे. तळ्यांत शेकाटे, दहा-बारा थापटे, एक हिरव्या पायांची तुतारी, बांधावर धोबी. बाकी सारे पक्षी दूर खाडीच्या चिखलावर, स्कोपमधूनही (तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही) ठिपक्यांएवढे.

कारणे दोन. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. भांगाच्या भरतीला पाणी पुरेसे चढत नाही, चिखलाचा वरचा पट्टा उघडाच राहतो, आणि पोट भरायला चिखल असेल तर पक्षी तळ्याकडे येतच नाही. दुसरे म्हणजे वेळ. कोळीवाड्यातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीइतक्या वाजता भरती असा आहे : सात पाऊण सव्वापाच. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा भरती होऊन पावणेदोन तास झाले होते आणि पाणी उतरत होते.

पाऊणपटीचा हिशेब शुद्ध आणि वद्य दोन्ही पंधरवड्यांना चालतो, कारण भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. तो अंदाजापुरता. दिवस निवडायला तिथी, घड्याळ लावायला अपोलो बंदराचा भरतीचा तक्ता.

ठरले ते असे. भरती सकाळी ९ ते १२ च्या मध्ये हवी, आणि पाणी उधाणाचे किंवा उधाणाजवळचे हवे. म्हणजे द्वादशीपासून अमावास्या-पौर्णिमेपर्यंतचे दिवस. त्याच्या आधी गेलो तर उजेड कमी, नंतर गेलो तर उन्हाची थरथर. मुख्य मोजणी २१ एप्रिलला, चैत्र शुद्ध त्रयोदशी. एप्रिलचा तिसरा आठवडा घेतला तो यासाठी की तेव्हा कर्ल्यू सँडपायपर आणि सँड प्लोव्हर हे चिखलावर चरणारे छोटे पक्षी विणीच्या पिसाऱ्यात आलेले असतात, पण सगळे निघून गेलेले नसतात. मेच्या सुरुवातीला रंग पुरा असतो आणि पक्षी थोडे. मार्चमध्ये पक्षी भरपूर आणि सगळे करडे.

१० मार्च, रविवार. माघ अमावास्या.

आजचे काम एकच : खाडीत आत पाणी तक्त्याच्या किती मागे आहे ते मोजणे.

१२ फुटी बांबू, दर १० सेंमीवर तांबडा-पांढरा ऑइलपेंट. आधी तो चिखलात रोवला होता; तासाभरात कलला. इथला गाळ लोण्यासारखा, बांबू आत जातो तितक्याच सहज आडवाही होतो. मग धक्क्याच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने तीन ठिकाणी बांधला. १२ फुटांत भरतीचा सगळा पल्ला मावत नाही, पण आपल्याला वरचाच भाग हवा आहे. साडेदहापासून दर १० मिनिटांनी वाचन, पाणी उतरायला लागल्यावर आणखी अर्धा तास.

अपोलो बंदराच्या वेळेनंतर इथे पाणी अर्ध्या ते पाऊण तासाने टेकले. खाडी वर अरुंद आणि उथळ होत जाते, लाटेला आत यायला वेळ लागतो. पुढच्या सगळ्या वेळापत्रकांत तक्त्याची वेळ अधिक ४० मिनिटे धरायची.

याहून महत्त्वाची गोष्ट बांबूकडे पाहताना कळली. पक्षी भरती पूर्ण होईपर्यंत थांबत नाहीत. तिवरांची श्वासमुळे, ती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोके, पाण्याखाली जायला लागली की चिखलाचा शेवटचा पट्टा संपतो आणि थवे उठतात. आज हे भरतीच्या दीड तास आधी घडले. म्हणजे ‘भरतीच्या वेळी मोजू’ म्हणणारा गट पोचतो तेव्हा पक्षी येऊन, बसून, झोपलेलेही असतात. झोपलेला पक्षी चोच पाठीत खुपसतो, आणि चोच दिसली नाही की निम्मी ओळख गेली.

ज्या जागी हे पक्षी भरतीचे तीन-चार तास काढतात तिला आम्ही ‘भरतीचा थारा’ म्हणू लागलो आहोत, रातथाऱ्याच्या, म्हणजे पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेच्या, धर्तीवर. उथळ पाणी, मोकळा काठ, चहूबाजूंनी नजर पोचेल अशी जागा : तळी, मिठागराचे वाफे, खाजणाचे बांध. या नोंदींचा सगळा रोख थाऱ्यावर आहे. चिखल वाचवायला हवा हे आता सगळ्यांना पटते. पण थारा बुजला, कोरडा पडला किंवा कुत्र्यांनी तो मोकळा बसू दिला नाही, तर चिखलावर मिळवलेली चरबी पक्षी हवेत घिरट्या घालण्यात जाळतो. आर्क्टिकपर्यंत जायचे इंधन असे घरच्या अंगणात संपते.

२४ मार्च, रविवार. होळी.

अंदाजाचा सराव. साहित्य : काळी चादर, अर्धा किलो मूग, मोबाइलचे घड्याळ.

एकाने मूठभर मूग चादरीवर फेकायचे, बाकीच्यांनी ३ सेकंद पाहून आकडा लिहायचा, मग खरे मोजायचे. दाट पडलेल्या मुगाचा अंदाज सगळ्यांचाच कमी येतो, पहिल्या दोन फेऱ्यांत काहींचा निम्म्यावर. विरळ पडले की चूक कमी. थव्याचेही तेच : काठावर खेटून बसलेल्या लिटल स्टिंटचा (अगदी छोट्या तुतारीचा) आकडा नेहमी कमी लागतो.

उपाय ठोकळ्याचा. आधी एका टोकाचे २५ पक्षी एकेक करून मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात ठरवायचे, मग तेवढा ठोकळा थव्यावर पुढे सरकवत न्यायचा. रोहितांसारख्या (फ्लेमिंगो) मोठ्या पक्ष्यांसाठी १०, छोट्या तुताऱ्यांसाठी २५, उडत्या दाट थव्यासाठी ५०. ठोकळा थव्याच्या मध्यावर ठरवू नये, तिथे दाटी वेगळी असते. दर ठोकळ्याला हातातल्या मोजणी यंत्राचा एक खटका. आठ-दहा फेऱ्यांनंतर सगळ्यांची चूक पंधरा-वीस टक्क्यांत आली. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा दहा फेऱ्या करायच्या, कारण डोळा लवकर विसरतो.

मूग निवडून परत डब्यात.

७ एप्रिल, रविवार. फाल्गुन वद्य त्रयोदशी.

पिसाऱ्याचे गुण ठरवले. नुसता आकडा सांगतो की पक्षी इथे आहे. पिसारा सांगतो की तो निघायच्या बेतात आहे का. म्हणून प्रत्येक थाऱ्यावर स्कोपमध्ये स्वच्छ दिसणाऱ्या पक्ष्यांना गुण द्यायचे, थव्याच्या एका टोकापासून क्रमाने, निवड न करता. निवड केली तर डोळा लाल पक्ष्यावरच जातो.

० : पूर्ण करडा. १ : छातीवर किंवा पोटावर थोडी तांबडी पिसे. २ : निम्मा तांबडा, चट्ट्याचट्ट्यांचा. ३ : पूर्ण विणीचा रंग.

कर्ल्यू सँडपायपरला हे गुण सरळ बसतात. एक खाच आहे : नवीन पिसांची टोके पांढरी असतात, त्यामुळे ताजा पिसारा धुरकट, मीठ भुरभुरलेला दिसतो. ती टोके झिजली की खालचा विटकरी रंग मोकळा होतो. धुरकट पक्ष्याला १ देण्याची चूक आज तिघांनी केली. तो २ किंवा ३ असू शकतो. पोट पाहावे. मादीचा रंग फिका असतो आणि पोटावर पांढरे-काळे आडवे पट्टे जास्त, म्हणून तिलाही चुकून कमी गुण जातात.

सँड प्लोव्हरला गुण छातीच्या पट्ट्यावरून. नराच्या डोळ्यांवरचा मुखवटा काळा होतो, छाती केशरी-तांबूस. लहान (लेसर) की मोठा (ग्रेटर) हा घोळ कायमचा आहे. चोचीची लांबी आणि चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर यांची तुलना करायची. चोच त्या अंतराहून स्पष्टपणे लांब, जाड आणि पाय फिके हिरवट असतील तर ग्रेटर. शंका असेल तर ‘सँड प्लोव्हर, अनिश्चित’ असाच रकाना. गेल्या वर्षी ई-बर्डने (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने) लेसर सँड प्लोव्हरचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन वेगळे पक्षी केले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अपेक्षित तो तिबेटन, लडाखपासून तिबेटपर्यंतच्या उंच पठारांवर वीण करणारा. म्हणजे एकाच बांधावर शेजारी-शेजारी झोपलेल्या दोन पक्ष्यांपैकी एक, कर्ल्यू सँडपायपर, सायबेरियाच्या टुंड्रात जाणार आणि दुसरा, हा प्लोव्हर, हिमालयापलीकडे.

फॉर्मवर आणखी एक रकाना घातला : ‘फुगवटा, आहे / नाही’. प्रवासाआधी चरबी साठलेल्या पक्ष्याचे पोट पायांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी लोंबते. बाजूने पाहिल्यावर पोटाची रेघ पायांपासून शेपटीकडे वर चढण्याऐवजी खाली वाकते. पक्षी बाजूने उभा असेल तरच हा रकाना भरायचा, समोरून पाहून नाही.

१६ एप्रिल, मंगळवार. चैत्र शुद्ध अष्टमी.

उष्णतेच्या लाटेचा इशारा. साहित्याची यादी त्याप्रमाणे बदलली. प्रत्येकी ३ लिटर पाणी (आधी २ होते), ओआरएसची दोन पाकिटे, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट. पांढरा आणि भगवा नको, दोन्ही दुरून चमकतात. शिसपेन्सिल, घामाने शाई पसरते आणि ९ चा ४ होतो. स्कोप २०–६०, तिवई जड, तिच्या मधल्या आकड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगायची म्हणजे खाडीच्या वाऱ्यात थरथर कमी होते. दुर्बिणी ८×४२, बोटीवर १० पटीची दुर्बीण नको, चित्र हलते.

गमबूट घ्यायचे ते बांधावरच्या ओलीसाठी. चिखलात कोणी उतरायचे नाही. बूट घोट्याच्या वर रुतला की तो ओढताना दुसरा पाय आणखी खोल जातो, आणि त्यात भरती मागून येत असते.

भांडुपचे परवानगीपत्र, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची आगाऊ नोंदणी, दोन्ही झाले. बोटीची वेळ भरतीवर ठरते. आठवडाभर आधी विचारले नाही तर हवी ती फेरी मिळत नाही. ड्रोन नाही. आवाज वाजवून पक्षी बोलावणे नाही.

तीन गट. अ : ऐरोलीहून बोट. ब : भांडुपची तळी. क : नेरूळचे तळे. तिघांची घड्याळे सकाळी फोनवरून जुळवायची. हे आवश्यक आहे कारण पक्षी चिखलावरून थाऱ्यावर जातात. एकाच गटाने आधी चिखल आणि मग तळे मोजले तर तेच पक्षी दोनदा येतात. एकूण आकडा फक्त थाऱ्यांचा, आणि तोही तिन्ही ठिकाणी एकाच तासातला. बोटीचा आकडा बेरजेत जात नाही. तो कोणते पक्षी कुठून उठले हे सांगण्यासाठी.

सूर्याची बाजूही ठरवून टाकली. भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर, तिथून खाडीकडे पाहायचे म्हणजे पूर्वेकडे. सकाळी सूर्य थेट भिंगात आणि सगळे पक्षी काळे. म्हणून सकाळची खाडी ऐरोलीच्या बाजूने, ऊन पाठीशी ठेवून. भांडुपहून सकाळी फक्त तळी पाहायची, खाडी संध्याकाळी.

२१ एप्रिल, रविवार. चैत्र शुद्ध त्रयोदशी. मुख्य दिवस.

५:४५, ब गट, भांडुप. फाटकावर परवानगीपत्र दाखवून आत. रातबगळे खाडीवरून तिवरांत परतत आहेत. अंधारात कानाने नोंद : पाणकणसांत बोरू वटवट्यांचा कर्कश आवाज, तळ्यावर शेकाट्यांची किकाट.

६:२०. सूर्य वर आला. बांधावर पिवळे धोबी पन्नासच्या घरात, हिवाळ्यात इतके एकत्र नसतात. डोकी पाहण्यासारखी : काहींची करडी, काहींची काळी कुळकुळीत. उपप्रजातीचा रकाना फक्त पूर्ण रंगलेल्या नरांसाठी, माद्या आणि अर्धवट रंगलेले सोडून द्यायचे. भोरड्यांचा थवा रातथाऱ्यावरून उठून वायव्येला गेला. हे परत येतील की निघालेच, एका सकाळीवरून सांगता येत नाही, म्हणून फक्त दिशा लिहिली.

७:२०, अ गट, ऐरोली. पाणी चढते आहे, चिखल निम्मा उघडा. नाखव्याने चिखलाच्या कडेपासून लांब इंजिन बंद केले आणि बोट चढत्या पाण्यावर आपोआप आत सरकू दिली. ही पद्धत सगळ्यात चांगली : इंजिनाचा आवाज नाही, लाट नाही, आणि पाण्याची कड पुढे जाते तसे पक्षीही तिच्या पुढे चालत राहतात. रोहित कडेला, चोची उलट्या बुडवून. छोट्या रोहिताची चोच गडद तांबडी, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. अंगाच्या गुलाबी रंगावरून ठरवू नये, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे छोटे रोहितही फिके असतात. त्यांच्या मागे सँड प्लोव्हर : पाच-सहा पावले धाव, थांबा, टोचा, पुन्हा धाव. कर्ल्यू सँडपायपर पोटापर्यंत पाण्यात, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालते. तपकिरी डोक्याचे कुरव थोडे उरले, सगळ्यांची टोपी पूर्ण.

९:०५. बांबूच्या वरून पाचव्या खुणेला पाणी. श्वासमुळे बुडाली. अ गटाचा फोन : पहिला थवा उठला, पश्चिमेला. ९:०९ ला ब गटाच्या डोक्यावरून तोच थवा, वळून तिसऱ्या तळ्यावर उतरला. उतरताना मोजावे, उडता थवा हवेत पसरलेला असतो तेव्हा ठोकळा नीट बसतो, जमिनीवर पाय टेकले की सगळे एकमेकांमागे दडतात.

९:३० ते १०:३०. तिन्ही थाऱ्यांची मोजणी. दोघांनी स्वतंत्र मोजायचे, आकडे एकमेकांना न सांगता लिहिणाऱ्याला सांगायचे. फरक दहा टक्क्यांहून जास्त आला तर तिसऱ्यांदा.

तिसऱ्या तळ्याच्या उत्तर काठावर, ७० मीटरवर, एक कर्ल्यू सँडपायपर पूर्ण बाजूने उभा होता. गुण ३. मान, छाती, पोट भाजलेल्या विटेच्या रंगाचे, पोटाच्या मागच्या भागात पांढरी टोके अजून शिल्लक. एका पायावर, चोच खांद्याच्या पिसांत. दर आठ-दहा सेकंदांनी डोळा उघडायचा आणि मिटायचा. शेपटीखाली फुगवटा इतका की उभ्या पायाच्या मागे पोट जवळजवळ पाण्याला टेकलेले. ६० ग्रॅमच्या आसपासचा हा पक्षी आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत तेव्हा धोक्याच्या उंबरठ्यावर होता; ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ‘असुरक्षित’ गटात गेला. त्याला त्या घडीला आपल्याकडून एवढेच हवे आहे की तीन तास कोणी उठवू नये.

१०:०२. दलदली हारिण, शिकारी पक्षी, तळ्यावरून खाली आली. सगळे उठले, तीन घिरट्या, दोन थवे झाले, एक दुसऱ्या तळ्यावर गेला. तोपर्यंतचे या तळ्याचे आकडे रद्द. नियम : उठले की ५ मिनिटे काहीच मोजायचे नाही, मग शून्यापासून. ‘उरलेल्यांत मिळवू’ हा मोह टाळायचा. १०:१४ ला पुन्हा सुरुवात, मोजणी १०:४० पर्यंत लांबली.

१०:२५. बांधावरून तीन भटकी कुत्री. पुन्हा अर्धा थवा हवेत. हारिणीने उठवले ते निसर्गाचे, तिला दर सकाळी पोट भरायचे आहे. कुत्री मात्र बांधाकडेला टाकलेल्या खरकट्यावर जगतात. दोन्ही घटनांची वेळ आणि पक्षी हवेत राहिले ती मिनिटे वेगळ्या रकान्यात.

एका सँड प्लोव्हरच्या डाव्या पायावर झेंडी होती. अक्षरे वाचता आली नाहीत. अशा वेळी जे दिसले तेवढेच : कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, झेंडीचा रंग, खाली धातूचे कडे आहे का. अक्षर अंदाजाने भरू नये; एक चुकीचे अक्षर म्हणजे दुसऱ्याच पक्ष्याचा प्रवास. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने कित्येक दशके या देशात कडी घालायचे काम चालवले आहे. पुन्हा दिसलेल्या प्रत्येक कड्याची बातमी त्यांच्याकडे जायला हवी.

क गट, नेरूळ. तळ्यात भरतीचे पाणी नीट येत नाही, मध्यभाग आटलेला, कडेला हिरवट साय. रोहित होते, छोट्या तुताऱ्या मोजक्या. एक थवा खाडीवरून आला, दोन फेऱ्या मारल्या आणि न उतरता दक्षिणेला गेला. थारा असून नसल्यासारखा होतो तो असा. पाण्याची येण्याची वाट मोकळी राहणे हा इथला सगळा प्रश्न आहे. खाजणातल्या शेतकऱ्याला उघाडीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, महत्त्व जसे ठाऊक असते तसेच हे.

११:३०. उन्हाची थरथर. ३० पटीच्या वर स्कोप नेला की पक्षी पाण्यात हलणाऱ्या प्रतिबिंबासारखे. काम बंद. १२ ते ४ सावलीत, फॉर्म पुन्हा वाचणे. हाताचे अक्षर त्याच दिवशी वाचले जाते.

१६:४५, ब गट, भांडुप धक्का. ओहोटी पुरी, चिखल मैलभर उघडा, ऊन आता पाठीशी. रंग सुंदर, अंतर फार. मोजायचे ते फक्त मोठे : रोहित, कुरल, कुरव. छोट्या तुताऱ्यांना ‘आहेत’ एवढेच. दूरच्या ठिपक्यांना नाव देण्याच्या चुका याच तासात होतात.

१७:५०. निघणाऱ्यांची वेळ. सूर्यास्त सातच्या जरा आधी. पाणथळीचे पक्षी बहुधा मावळतीच्या आधीच्या तास-दोन तासांत निघतात. चिन्हे ओळखून ठेवावीत. थवा चरायचे थांबतो. अंघोळ, पिसे साफ करणे, पंख ताणणे. आवाज वाढतो. मग एक तुकडी उठते, सगळ्यांवरून घिरटी, काही परत उतरतात. रोजच्या उडण्यात थवा पाण्यालगत आडवा जातो. निघणारा थवा वर चढतो.

१८:२२. सँड प्लोव्हरची तुकडी, तीसच्या जवळपास, गोल गोल वर चढली. पाच खाली आले. बाकीचे रांगेत, तिरपी रेघ होत ठाण्याच्या बाजूला, होकायंत्रावर उत्तरेच्या किंचित पूर्वेला. दुर्बिणीतून ६ मिनिटे दिसत होते. खाडीवर फक्त त्यांचा आवाज मागे राहिला, मग तोही नाही. लिहिणाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली होती. वेळ नंतर फोनवरून घेतली.

१९:१०. बंद.

२२ एप्रिल, सोमवार.

ई-बर्डवर यादी भरली. तीन ठिकाणांच्या तीन वेगळ्या याद्या, आणि भांडुपच्या सकाळ, थारा, संध्याकाळ अशा आणखी वेगळ्या. दिवसभराची एकच लांबलचक यादी अभ्यासाला निरुपयोगी. आकड्याच्या जागी ‘क्ष’ नको. अंदाज असला तरी आकडा, आणि शेऱ्यात ‘२५ च्या ठोकळ्याने’. पिसाऱ्याचे गुणही शेऱ्यात, ‘गुण पाहिलेले पक्षी इतके’ हे धरून.

काय चुकले : ब गटाकडे मोजणी यंत्र एकच होते, त्यामुळे स्टिंट आणि प्लोव्हर एकाच वेळी मोजता आले नाहीत. दोन हवीत, दोन रंगांची. फुगवट्याचा रकाना तीन चतुर्थांश पक्ष्यांना रिकामा, कारण थवा वाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि आम्ही वाऱ्याच्या बाजूलाच उभे होतो. वारा पाहून बांधाची आडवी बाजू धरायला हवी होती. सकाळी वारा मंद असतो तेव्हा हे लक्षात येत नाही.

२८ एप्रिल, रविवार. चैत्र वद्य चतुर्थी.

पुन्हा उष्णतेचा इशारा, भरती दुपारी ३ च्या सुमारास. मोजणी केली नाही, फक्त सकाळी दीड तास पिसाऱ्याचे गुण. बांध तोच, तिसरे तळे तेच. गुण ३ चे कर्ल्यू सँडपायपर दिसले नाहीत. होते ते ० आणि १.

२१ मे, मंगळवार.

काल रात्री घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. खाडी आणि थारे यांच्यामध्ये रोहित रात्रीही ये-जा करतात, भरतीप्रमाणे. आपल्या फॉर्ममध्ये रात्रीचा रकानाच नव्हता. पुढच्या हंगामापासून पौर्णिमेच्या आगेमागे दोन रात्री, भरतीच्या दोन तास आधीपासून : आवाज, दिशा, अंदाजे उंची.

२६ मे, रविवार. वैशाख वद्य तृतीया.

मागे राहिलेले पक्षी : सँड प्लोव्हर, थोड्या लाल पायांच्या तुताऱ्या, एक कुरल. सगळे ० गुणाचे, पंखांची टोके झिजून विटलेली. हे आजारी नव्हेत. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले पक्षी पहिल्या वर्षी बहुधा विणीला जात नाहीत, पावसाळा इथेच काढतात. म्हणून थारा जून-जुलैतही लागतो, आणि ‘हंगाम संपला’ म्हणून याच महिन्यांत बांधाची कामे काढणे चुकीचे.

बांबू सोडवून आणला. खालच्या सहा खुणांवर कालवे आणि शेवाळ, रंग गेला. खरवडून पुन्हा रंगवायचा, या वेळी वरच्या पाचव्या खुणेला पिवळा पट्टा. पुढची फेरी १८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. चतुर्दशी, चौदा पाऊण साडेदहा. तोवर टुंड्रातून आणि पठारावरून पहिले प्रौढ पक्षी परतलेले असतील, अंगावर विटकरी रंगाचे तुकडे शिल्लक असताना.